दुखणे डोळ्यांचे, साक्ष त्वचेची

१६ मार्च १८१९ रोजी लंडनच्या मेडिकल अँड चिरर्जिकल सोसायटीत डॉ. जॉन बोस्टॉक यांनी एका रुग्णाची हकिगत वाचून दाखवली. रुग्णाचे वय ४६, अंगकाठी सडपातळ, नाव फक्त आद्याक्षरांत: जे. बी. ही आद्याक्षरे खुद्द बोस्टॉक यांचीच होती.

वयाच्या आठव्या वर्षापासून दर जूनमध्ये त्यांच्यामागे एकच दुखणे लागत असे. सुरुवात व्हायची डोळ्यांपासून. पापण्यांच्या कडा गरम आणि जड वाटू लागत, नाकाकडच्या कोपऱ्यात खाज सुटे, मग सबंध डोळा लाल होऊन चुरचुरू लागे, आत टाचण्या टोचल्यासारखे होई आणि पाण्याची धार लागे. शिंका त्यानंतर, आणि छाती भरून येणे त्याच्याही नंतर. बोस्टॉक काही साधेसुधे वैद्य नव्हते. रसायनशास्त्रात मुरलेले, रॉयल सोसायटीचे सदस्य, मूत्रपिंडाच्या विकारांवर रिचर्ड ब्राइट यांच्याबरोबर काम केलेले. तरीही स्वतःच्या डोळ्यांपुढे त्यांनी हात टेकले होते. रक्त काढून झाले, जुलाब झाले, अफू, पारा, सिंकोनाची साल, थंड पाण्याच्या आंघोळी, सगळे करून झाले. गुण कशानेच आला नाही.

नऊ वर्षांनी, १८२८ मध्ये, त्यांनी अशा २८ रुग्णांची माहिती दिली. एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली नाही: हे दुखणे सुखवस्तू लोकांत दिसते, गोरगरिबांत आढळत नाही. लोक तोपर्यंत सुक्या गवताला दोष देऊ लागले होते. बोस्टॉक यांना ते पटले नाही. त्यांनी ठपका ठेवला तो उन्हाळ्याच्या उष्म्यावर.

डोळ्यांच्या ॲलर्जीचा पहिला नीट लिहिलेला वृत्तान्त तो हाच. यात रोगाचे वर्णन चोख आहे आणि कारण साफ चुकलेले आहे, कारण पडताळून पाहायची रीतच हाताशी नव्हती. उन्हाळ्यात ऊन असते, धूळ असते, गवत असते, फुले असतात, घामही असतो. त्यातले डोळ्यांत नेमके काय सलते, हे नुसत्या निरीक्षणाने कसे कळावे? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता वैद्यकाने डोळ्यांच्या दुखण्यासाठी हाताला साक्षीला बोलावले. ही साक्ष कितपत खरी धरायची, हा वाद तेव्हापासून आजवर चालू आहे.

संशयितांची रांग

पुढची चाळीस वर्षे नुसती संशयितांची यादी वाढत गेली. जर्मनीतल्या गीसनचे प्राध्यापक फिलिप फोबस यांनी ठिकठिकाणच्या डॉक्टरांकडून माहिती मागवून १८६२ मध्ये या विकारावर अख्खा ग्रंथ लिहिला. उष्णता, प्रखर उजेड, ओझोन, गवताचा वास, साऱ्यांची त्यात हजेरी आहे. फैसला मात्र नाही. याच दशकात थोर शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी स्वतःच्या नाकातला स्राव सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्यांनाही दर उन्हाळ्यात हाच त्रास. स्रावात वळवळणारे जंतू दिसल्यावर गुन्हेगार सापडला असे त्यांना वाटले आणि त्यांनी नाकात क्विनाइनचे पाणी सोडायला सुरुवात केली. अमेरिकेत जॉर्ज बिअर्ड यांनी १८७६ मध्ये हा मज्जासंस्थेच्या नाजूकपणाचा आजार ठरवला. तिकडच्या श्रीमंत रुग्णांनी तर डॉक्टरांचा नाद सोडून सरळ डोंगरावरची हवा गाठली. न्यू हॅम्पशायरमधल्या बेथलेहेम गावी त्यांनी १८७४ मध्ये चक्क आपली संघटना काढली.

या गर्दीत मँचेस्टरच्या चार्ल्स हॅरिसन ब्लॅकली यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. ब्लॅकली यांचा जन्म १८२० चा. उमेदीची वर्षे छपाईच्या धंद्यात गेली. पस्तिशीला आल्यावर ते वैद्यकाकडे वळले, आणि तेही होमिओपॅथीकडे. म्हणजे डॉक्टरांच्या जमातीत त्यांचे स्थान आधीच पंगतीच्या टोकाला. पण दोन गोष्टी त्यांच्यापाशी होत्या: हा विकार त्यांना स्वतःला होता, आणि कंटाळा हा प्रकार त्यांना माहीत नव्हता.

घरातल्या मुलांनी फुलदाणीत खोचलेला गवताच्या तुऱ्यांचा झुपका एकदा त्यांनी हलवला. परागाचा बारीक धुरळा तोंडावर उडाला आणि शिंकांनी त्यांना बेजार केले. एवढ्यावर निष्कर्ष काढून मोकळे होणारे ते नव्हते. १८५९ पासून त्यांनी संशयितांना एकेक करून तपासायला घेतले. ओझोन हुंगून पाहिला. सुक्या गवताला ज्याच्यामुळे गोडसर वास येतो ते कुमारिन हुंगून पाहिले. ऊन घेतले, धूळ घेतली. बेंझोइक ॲसिड पाहिले, बुरशीही पाहिली. कशाने घसा बसला, कशाने डोके दुखले, पण ते ओळखीचे दुखणे काही उमटेना. पराग लावला की मात्र ते हजर होई, मग बाहेर हिवाळा का असेना.

पराग त्यांनी नाकात लावला, डोळ्यातही घातला. डोळा जळजळला, उजेड सोसेना, बुबुळाभोवतीचा पांढरा भाग पाणी धरून फुगला. जूनमध्ये होणारा सगळा प्रकार एका थेंबात समोर आला. मग १८६५ च्या सुमारास त्यांनी एक साधा प्रयोग केला. हाताची कातडी लॅन्सेटने जराशी खरवडली, त्यावर गवताचा पराग ओल्या कापडाच्या तुकड्याने लावला आणि वर पट्टी बांधली. दुसऱ्या हातावरही तसेच खरवडून तसेच ओले कापड बांधले, पण बिनपरागाचे. काही मिनिटांत पराग लावलेल्या जागी सडकून खाज सुटली आणि भोवतालची कातडी सुजून वर आली. दुसरा हात स्वस्थ होता.

ॲलर्जीची त्वचाचाचणी ती हीच. हातावर ना ऊन असते ना उजेडाचा त्रास, आणि हात काही नाकासारखा सर्दीने वाहत नाही. जूनमध्ये एकमेकांत गुंतून पडणारी सगळी कारणे तिथे आपोआप बाजूला पडतात आणि उरतो तो फक्त पराग. शिवाय डोळ्यांची खाज ज्याची त्याला कळते, हातावरची सूज तिसऱ्यालाही दिसते, ती पट्टीने मोजता येते. आणि तो बिनपरागाचा दुसरा हात! नुसत्या खरवडण्याने काय होते हे आधी बघावे आणि मग बोलावे, ही शिस्त त्याने घालून दिली.

ब्लॅकली एवढ्यावर थांबले नाहीत. हवेत पराग खरोखर किती असतो हे मोजायला त्यांनी काचपट्ट्यांना चिकट द्रव लावून त्या उघड्यावर ठेवल्या आणि रोज सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजले. पतंगाला पतंग जोडून अशा पट्ट्या हजार फुटांहून वर चढवल्या, तर तिथेही पराग सापडला, आणि जमिनीलगत होता त्याहून जास्त. कुरणापासून कोसभर दूर शहरात राहणाऱ्याचे डोळे का लाल होतात, हे कोडे त्याने सुटले. १८७३ मध्ये हे सारे पुस्तकरूपाने आले. डार्विन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. पण तो काळ जंतूंचा होता. प्रत्येक रोगामागे जंतू शोधण्याच्या त्या धांदलीत एका होमिओपॅथने गवताच्या निरुपद्रवी पिवळ्या पुडीवर केलेला आरोप कोण मनावर घेणार? ब्लॅकली १९०० मध्ये वारले, तोवर त्यांच्या चाचणीला वारस मिळाला नव्हता.

डोळ्यात थेंब

विसावे शतक उजाडताच परागाचा खटला पुन्हा उभा राहिला, तो हॅम्बुर्गमध्ये. विल्यम डनबार यांनी १९०३ च्या सुमारास परागापासून अर्क काढला आणि तो रुग्णांच्या डोळ्यात घालून पाहिला. ज्यांना विकार होता त्यांचे डोळे लाल झाले, इतरांचे झाले नाहीत. परागात विष असते असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी घोड्यांना पराग टोचून प्रतिविष तयार केले. 'पोलांटिन' नावाने ते डोळ्यात घालण्यासाठी आणि हुंगण्यासाठी बाजारात आले.

पुढे १९०६ मध्ये व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 'ॲलर्जी' ही संज्ञा वापरात आणली आणि पुढच्याच वर्षी क्षयासाठी ट्युबरक्युलिनची त्वचाचाचणी मांडली: हात जरासा खरवडायचा, थेंब टाकायचा आणि वाट पाहायची. त्याच १९०७ साली बर्लिनचे वोल्फ-आयस्नर आणि फ्रान्समधल्या लील शहराचे आल्बेर काल्मेत यांनी ट्युबरक्युलिनचा थेंब त्वचेऐवजी थेट डोळ्यात घालायची चाचणी पुढे आणली. वोल्फ-आयस्नर यांनी आदल्याच वर्षी परागज्वरावर, म्हणजे परागाच्या याच विकारावर, पुस्तक लिहिले होते. डोळ्यातली चाचणी करायला सोपी, बघायला सोपी: एक डोळा लाल, दुसरा पांढरा, संपले. काही महिन्यांत ती सगळीकडे पसरली. मागोमाग तक्रारीही आल्या. कोणाचा डोळा आठवडेच्या आठवडे सुजून राहिला, कोणाच्या बुबुळावर जखम झाली. निदानासाठी डोळाच पणाला लावायचा, हा सौदा परवडणारा नव्हता. थोड्याच वर्षांत ही चाचणी मागे पडली आणि पिर्के यांची हातावरची चाचणी टिकली.

परागाच्या बाबतीत मात्र डोळ्याने आणखी एक मोठी कामगिरी केली. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात आल्मरॉथ राइट यांचा लसीकरण विभाग होता. त्याच विभागातल्या लेनर्ड नून यांनी टिमोथी नावाच्या गवताचा पराग घेतला, पाण्यात त्याचा अर्क काढला आणि तो अगदी थोड्या प्रमाणात रुग्णांना टोचायला सुरुवात केली. पण किती टोचायचे? आणि गुण येतो आहे हे कळायचे कसे? जूनची वाट बघत बसायचे?

नून यांनी यावर काढलेली तोड मोठी नेटकी होती. एक मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाइतक्या परागातून जेवढा अर्क निघतो, त्याला त्यांनी एक एकक धरले. मग अगदी पातळ अर्कापासून सुरुवात करून एकेक पायरी तीव्र अर्काचा थेंब रुग्णाच्या डोळ्यात घातला. ज्या पायरीला डोळा लाल झाला, ते त्या रुग्णाचे माप. काही इंजेक्शने झाली की पुन्हा हेच करायचे. पूर्वी ज्या थेंबाला डोळा लाल होई तो आता सहज सोसला, तर गुण येतो आहे. म्हणजे भर हिवाळ्यात, हवेत परागाचा कणही नसताना, उपचाराची प्रगती मोजता येऊ लागली. मात्रा फार मोठी झाली किंवा इंजेक्शने फार घाईने दिली, तर डोळा आणखी नाजूक होतो, हेही याच मापाने उघड झाले. १० जून १९११ च्या 'लॅन्सेट'मध्ये हा लेख आला. दोन वर्षांत नून क्षयाने गेले. वय जेमतेम पस्तिशीचे. सहकारी जॉन फ्रीमन यांनी ते काम पुढे चालवले. नून यांचे मूळ गृहीत डनबार यांच्यासारखेच होते, की परागात विष असते आणि इंजेक्शनाने प्रतिविष तयार होते. ते पुढे चुकीचे ठरले. उपचार मात्र आजही दिला जातो.

हाताची सरशी

एवढे असूनही रोजच्या दवाखान्यात डोळा मागे पडला आणि हात जिंकला. याचे कारण फार खोल नाही. डोळे दोन आणि संशयित पन्नास. एका डोळ्यात थेंब टाकून तो लाल झाला की त्या दिवसाचे काम संपले. पाठीवर किंवा हातावर मात्र एका बैठकीत तीस-चाळीस पदार्थ शेजारी शेजारी तपासता येतात. 'किती सोसते' याला डोळा उत्तम, पण रुग्ण विचारतो ते 'कशाने होते', आणि त्याला जागा लागते.

अमेरिकेत ऑस्कर श्लॉस यांनी १९१२ मध्ये अन्नाची ॲलर्जी असलेल्या एका मुलाच्या त्वचेवर अंडे, बदाम, ओट अशा पदार्थांची चाचणी घेतली. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट कुक यांनी अर्क त्वचेच्या थरातच सुईने सोडायची पद्धत रुळवली. ती खरवडण्यापेक्षा संवेदनशील होती, पण तिच्यात धोकाही होता. अर्क थोडा जास्त गेला तर हातापुरते न राहता सगळ्या अंगावर गांधी उठत, दम लागे, प्रसंगी जिवावर बेतत असे. खुद्द कुक यांनीच १९२२ मध्ये या धोक्यांबद्दल सविस्तर इशारा दिला.

पण मुळात हाताला कसे कळते? पराग कधी हातात शिरत नाही, तो जातो नाकाडोळ्यांत. मग हाताची कातडी त्याला ओळखते कशी? याचे उत्तर १९२१ मध्ये ब्रेस्लाऊ शहरात, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफमध्ये, दोन डॉक्टरांनी स्वतःच्या अंगावर शोधले. हाइन्झ क्युस्टनर यांना मासे सोसत नसत. कार्ल प्राउस्निट्झ यांना परागज्वर होता, पण मासे ते निवांत खात. प्राउस्निट्झ यांनी क्युस्टनर यांच्या रक्तातला पातळ भाग, म्हणजे सीरम, आपल्या पोटाच्या कातडीत थोडासा टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी नेमक्या त्याच जागी माशाचा अर्क टोचला. काही मिनिटांत डास चावल्यावर उठते तशी, पण चांगली मोठी गांध उठली. बाजूच्या कातडीला काहीच झाले नाही. प्राउस्निट्झ यांच्या पोटाचा तेवढाच तुकडा माशाला घाबरू लागला होता.

अर्थ उघड होता. ॲलर्जी डोळ्याची, नाकाची किंवा हाताची अशी वेगळी नसते. रक्तात एक काहीतरी फिरत असते, ते जिथे जाऊन बसते ती जागा ॲलर्जिक होते. डोळ्यांना पराग भेटतो म्हणून डोळे लाल होतात. हाताला आपण सुईने भेटवतो म्हणून हातावर गांध उठते. पुढची चाळीसेक वर्षे लहान मुलांसाठी आणि अंगभर इसब असलेल्यांसाठी हीच उसनी चाचणी वापरली जात होती. त्यांचे सीरम दुसऱ्याच्या कातडीत टोचून चाचणी त्या दुसऱ्यावर करत. सीरमातून काविळीची लागण होते हे लक्षात आल्यावर ती बंद पडली.

रक्तातल्या त्या अनामिक घटकाला नाव मिळायला १९६६ उजाडले. डेन्व्हरमध्ये किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने तो वेगळा काढला. शुद्धीकरणाच्या प्रत्येक पायरीवर ते आपल्याच पाठीच्या कातडीवर प्राउस्निट्झ-क्युस्टनर चाचणी करून बघत होते. स्वीडनच्या उप्साला शहरात योहान्सन आणि बेनिच यांच्या हाती वेगळ्या वाटेने तेच प्रथिन लागले. १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत त्याला इम्युनोग्लोब्युलिन ई, म्हणजे आयजीई, हे नाव ठरले. मास्ट पेशींच्या अंगावर हे आयजीई बसलेले असते. पराग येऊन त्याला चिकटला की पेशी फुटल्यासारखी उघडते आणि हिस्टॅमिन बाहेर पडते. डोळ्याच्या अस्तरात हे घडले तर खाज आणि पाणी, हातावर घडले तर गांध.

हिस्टॅमिनचा हा खेळ लंडनच्या थॉमस लुईस यांनी १९२० च्या दशकातच टिपला होता. रोनाल्ड ग्रँट यांच्याबरोबर १९२४ मध्ये केलेल्या कामात त्यांनी त्वचेवर थेंब ठेवून त्यातून सुईने हलकेच टोचले: आधी लाल ठिपका, मग भोवती पसरणारी लाली, मग मधोमध फुगवटा. टोचण्याची हीच पद्धत पुढे सुधारत गेली. १९७५ मध्ये जॅक पेपिस यांनी सांगितलेल्या सुटसुटीत स्वरूपात ती जगभर रुळली. आज ॲलर्जीच्या दवाखान्यात होते ती हीच 'प्रिक टेस्ट'.

पंधरा मिनिटे

ही चाचणी जवळून पाहण्यासारखी आहे. हाताची आतली बाजू पुसून त्यावर पेनाने खुणा करतात, दोन खुणांत साधारण दोन सेंटिमीटरचे अंतर. प्रत्येक खुणेपाशी एकेका अर्काचा थेंब: धुळीतल्या माइटचा, झुरळाचा, बुरशीचा, गवतांच्या आणि झाडांच्या परागांचा. जेमतेम एक मिलिमीटर टोक असलेल्या लॅन्सेटने थेंबातून हलकेच टोचतात. रक्त येता कामा नये. शिवाय दोन थेंब वेगळेच असतात. एक हिस्टॅमिनचा, जिथे गांध उठलीच पाहिजे. दुसरा नुसत्या सलाइनचा, जिथे ती उठताच कामा नये. हिस्टॅमिनची जागा सपाट राहिली, तर रुग्णाने खाजेची गोळी घेतलेली असणार. म्हणून आधी आठवडाभर अशा गोळ्या बंद ठेवायला सांगतात, आणि डोळे चोळून हैराण झालेल्या माणसाला तो आठवडा जड जातो. सलाइनच्या जागीच गांध उठली, तर त्या माणसाची कातडी नुसत्या ओरखड्यानेही सुजणारी आहे. मग बाकीच्या गांधींवर विश्वास ठेवता येत नाही. ब्लॅकली यांनी दुसऱ्या हातावर बांधलेले बिनपरागाचे कापड ते हेच.

पंधरा-वीस मिनिटांनी पट्टी लावतात. सलाइनच्या जागेपेक्षा तीन मिलिमीटर किंवा जास्त मोठी गांध असेल तर ती 'पॉझिटिव्ह'. ठरावीक ऋतूत किंवा धुळीने डोळे लाल होणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत हात आणि डोळा यांचे म्हणणे जुळते. पण सगळ्यांचे नाही, आणि खरा पेच तिथूनच सुरू होतो.

आपल्याकडच्या नेत्रतज्ज्ञांना 'स्प्रिंग कटार' रोजच्या ओळखीचा. पाच-सात वर्षांचा मुलगा, मुलीपेक्षा बहुधा मुलगाच. ऊन वाढले की डोळे चोळून चोळून लाल करतो, उजेडाकडे बघत नाही, डोळ्यातून दोऱ्यासारखी चिकट घाण निघते. वरची पापणी उलटून पाहिली तर आत फरसबंदी केल्यासारखे चपटे फुगवटे. जर्मन नेत्रतज्ज्ञ थिओडोर झेमिश यांनी १८७६ मध्ये त्याला वसंताशी जोडले. पण उष्ण, कोरड्या, धुळीच्या मुलखात तो वसंत संपला म्हणून थांबत नाही, कित्येकांना वर्षभर छळतो. बहुतेकांचा वयात येता येता विरतो. सगळी लक्षणे ॲलर्जीची, म्हणून त्वचाचाचणी याचे मूळ दाखवेल अशी सर्वांचीच अपेक्षा होती. प्रत्यक्षात अशा जवळपास निम्म्या मुलांच्या हातावर हिस्टॅमिन सोडून एकही गांध उठत नाही.

मग हात खोटे बोलतो की डोळा? दोघेही नाहीत. डोळ्याचे अस्तर स्वतःपुरते आयजीई तयार करू शकते. ते अश्रूंत सापडते, पण हाताच्या कातडीपर्यंत पोचेल इतके रक्तात नसते. शिवाय या रोगात आयजीईखेरीज लिंफोसाइट आणि इओसिनोफिल पेशींचाही मोठा हात असतो आणि त्यांचे काम पंधरा मिनिटांत उरकत नाही. उलट बाजूही आहे. हातावर माइटची टपोरी गांध उठते, पण डोळ्यांची कधी तक्रार नाही, अशीही निरोगी माणसे पुष्कळ. म्हणूनच १९९० मध्ये अमेरिकेत मार्क एबल्सन यांनी डोळ्यात मोजून थेंब घालायची रीत नव्याने बेतली. आज तिचा उपयोग डोळ्यांची नवी औषधे पारखताना आणि हाताडोळ्याचे जुळत नसेल तेव्हा होतो, तोही जाणत्या हाती.

पुण्याचे गवत

अर्क कोणता घेतला यावरही साक्ष अवलंबून असते. नून यांचे टिमोथी गवत इंग्लंडच्या कुरणातले. ते इथल्या माणसाच्या हातावर टोचून काय कळणार? १९५०-६० च्या दशकांत दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. डी. एन. शिवपुरी यांनी भारतीय परागांचा शोध घेऊन इथल्या चाचण्यांचा पाया घातला. त्याच काळात आपल्याकडे एक नवा पाहुणा आला. १९५५ मध्ये पुण्यात एक अनोळखी तण दिसले आणि पुढच्या वर्षी वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी भारतातली नवी नोंद म्हणून ते प्रसिद्ध केले: पार्थेनियम, आपले गाजरगवत किंवा काँग्रेस गवत. बघता बघता ते रस्त्याच्या कडेपासून शेताच्या बांधापर्यंत पसरले.

या एका तणाला दोन चाचण्या लागतात. त्याचा पराग नाकाडोळ्यांत गेला तर त्रास मिनिटांत सुरू होतो, तिथे प्रिक टेस्ट. पण सुकलेल्या पानाफुलांची पूड उडून चेहऱ्यावर बसली, तर तिच्यातल्या पार्थेनिनमुळे दोन-तीन दिवसांनी इसब उठते, आणि पापण्यांची कातडी सगळ्यांत पातळ म्हणून तिथे हमखास. पापण्या जाड होतात, खरखरीत होतात, सोलतात. रुग्ण येतो तो डोळ्यांची तक्रार घेऊनच. इथे पंधरा मिनिटांची गांध काहीच सांगत नाही. लागते ती पॅच टेस्ट: पाठीवर पट्टी ४८ तास बांधून ठेवायची आणि कातडी कशी लाल होते ते त्यानंतर बघायचे. तीही ब्रेस्लाऊचीच देणगी. १८९५ मध्ये तिथल्या योझेफ याडासोन यांनी पाऱ्यासाठी ती प्रथम मांडली. काजळ, पापण्यांची रंगरंगोटी किंवा डोळ्यांचे एखादे थेंबच सोसत नसतील, तर त्याचाही छडा हीच लावते.

म्हणूनच जाणता डॉक्टर टोचण्याआधी बराच वेळ बोलत बसतो. त्रास कोणत्या महिन्यात, घरात की बाहेर, गादी झटकताना की शेतात, सुरुवात खाजेने की सुजेने. या उत्तरांतून संशयित ठरतात आणि कोणती चाचणी करायची तेही. उत्तरांशी जुळणारी गांध कामाची. माइटची असेल तर गाद्या-उशांना आवरणे घालता येतात, परागाची असेल तर थोड्या थोड्या मात्रेची लस सुरू करता येते. तक्रारीशी न जुळणारी गांध नुसती नोंदून ठेवायची. तिच्यापायी मुलाचे दूध, अंडे बंद करायचे नाही.

सगळ्यांत जपायचे ते कोऱ्या हाताला. 'रिपोर्ट निगेटिव्ह आला, म्हणजे ॲलर्जी नाही' असे समजून आई घरी जाते, मुलाचे डोळे लालच राहतात, आणि मग औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब येतात. दोन दिवसांत डोळे पांढरे होतात, म्हणून महिनोन् महिने तेच चालू राहतात. त्यातून डोळ्यातला दाब वाढतो, काचबिंदू होतो, कोवळ्या वयात मोतीबिंदू होतो. पापणीखालच्या फुगवट्यांनी जे नुकसान केले नसते ते या थेंबांनी होते. हात कोरा निघाला तर तपासणी संपत नाही. तेव्हा पापणी उलटून डोळाच बघायचा असतो, आणि पुढचे औषध डोळ्यातला दाब मोजत, नेत्रतज्ज्ञाच्या नजरेखालीच द्यायचे असते.